नववी फेरी

जयसिंगराव आमच्या मंडळात आले ते दोन हजार नऊ सालच्या जूनमध्ये. नारायण पेठेतल्या एका शाळेचा हॉल आम्हांला रविवारी सकाळी मिळायचा. तिथे आमचं छायाचित्र मंडळ भरायचं. भूगोलाची शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. वेळ जात नव्हता आणि भाच्यानं दिलेला कॅमेरा कपाटात पडून होता, म्हणून मी जायला लागले. मराठी बरं, अक्षर बरं, म्हणून प्रदर्शनातल्या फोटोंखालच्या ओळी लिहिण्याचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. ‘सुनीतीबाई, दोन ओळी टाका ना,’ असं म्हणायचे सगळे, जणू मीठ टाकायचं आहे.

मंडळ म्हणजे श्रीनिवास सर. चाळीस वर्षं फोटो काढत होते, दोन-तीन राष्ट्रीय बक्षिसं होती, आणि आपलं मत विचारल्याशिवाय सांगायची सवय होती. जयसिंगराव पहिल्या रविवारी आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता इतका भारी कॅमेरा होता. सरांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत दिला.

“यंत्र उत्तम आहे. आता डोळा बसवून घ्या.”

सगळे हसले. मीही हसले.

“तेच शिकायला आलोय सर,” जयसिंगराव म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

ते मूळचे बिबवेवाडीचे शेतकरी. बिबवेवाडी पुण्यात कधीच जिरून गेली होती, त्यांच्या रानात आता सहा-सहा मजली इमारती होत्या. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता, तो धाकटा भाऊ बजरंग बघायचा. मुली लग्न होऊन गेलेल्या. पन्नाशीच्या माणसाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुरुवातीला ते यार्डातलेच फोटो आणायचे. बटाट्याच्या थप्पीवर झोपलेला हमाल, कांद्याची सालं उडवणारी बाई. मला त्यातले एक-दोन फार आवडले होते. सर म्हणाले, “जयसिंगराव, मंडई पुरे. निसर्ग आणा निसर्ग.” मला आवडलं होतं ते मी बोलले नाही.

डिसेंबरात सरांनी राजस्थानच्या वाळवंटाची सहल जाहीर केली. जैसलमेरच्या पुढे, वाळूच्या टेकड्यांमध्ये चार दिवस. विषय एकच, वाळू. मार्चमध्ये त्याच फोटोंचं प्रदर्शन. निघण्याआधीच्या रविवारी सरांनी मला टेकड्यांची माहिती द्यायला सांगितली. मी फळ्यावर बारखाण काढली. वाऱ्यानं जमलेली चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी. ज्या बाजूनं वारा येतो ती उतरण सौम्य, पलीकडची तीव्र. एकतीस वर्षं मी हे चित्र फळ्यावर काढलं होतं आणि एकदाही टेकडी पाहिली नव्हती.

“बाई,” मागच्या बाकावरून जयसिंगराव म्हणाले, “म्हंजी वाळूकडं बघून वारा कुठनं येतो त्ये कळंल?”

“कळेल.”

“मग झालं. रानासारखंच हाय.”

कुणीतरी मागे वळून पाहिलं. जयसिंगराव वहीत ती चंद्रकोर काढत होते.

जानेवारीत आम्ही बाराजण गेलो. पहिल्या संध्याकाळी आमच्या तंबूंच्या मुक्कामाच्या मालकानं जीपमधून आम्हांला टेकड्यांवर नेऊन सोडलं, आणि सरांचा चेहराच उतरला. माणसं, उंट, उंटांच्या पाठीवरच्या झालरी, वेफर्सची पाकिटं, घसरत खाली येणारी कॉलेजची पोरं. वाळूवर बोटभर जागा अशी नव्हती जिथे पाऊल उमटलेलं नव्हतं.

“ही तर पर्वती झाली,” सर म्हणाले आणि कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

दुसरा दिवस असाच गर्दीत गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे जयसिंगरावांनी माझ्या तंबूबाहेर येऊन हाक मारली. “बाई, येताय का? जरा लांब जाऊन बघू.” मी शाल गुंडाळून निघाले. चालताना ते फारसं बोलत नव्हते. मधेच थांबायचे, वाळूवरच्या बारीक लाटा बघायचे, झुडपाच्या कुठल्या बाजूला वाळू साठली आहे ते बघायचे, आणि दिशा बदलायचे. तासाभरानं म्हणाले, “हितनं म्होरं लेंड्या न्हाईत. शेळ्या येत न्हाईत म्हंजी चारा न्हाई. चारा न्हाई, तर माणूस कशाला येतंय?”

आणखी दोन उंचवटे ओलांडले आणि ती दिसली. मी फळ्यावर काढायचे तशीच, फक्त चार मजली इमारतीएवढी. दोन्ही टोकं पुढे आलेली, मधे पोट, आणि वरची धार अशी कातरलेली की एका बाजूला सोनेरी आणि दुसऱ्या बाजूला जांभळा काळोख. एकही पाऊल नाही. मला त्या वयात खुळ्यासारखं रडू आलं. जयसिंगरावांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आम्ही कडेकडेनं गेलो. तीव्र उतरणीच्या पायथ्याशी मी हात लावला, तर वरून वाळूची एक पट्टी सळसळत खाली आली आणि थांबली.

“बाजरी वतल्यागत,” जयसिंगराव म्हणाले. त्यांनी मूठभर उचलली, ती बोटांतून निघून गेली. “आमची काळी. पावसात पायाला धरून ठिवायची, चप्पल तिथंच राहायची. ही काय धरत न्हाई.” थोड्या वेळानं म्हणाले, “काळी तरी कुठं राह्यली म्हणा.”

मग त्यांनी पोटावर पडून फोटो काढले. वीस-पंचवीसच. मी शंभरेक काढले असतील. दहाच्या सुमाराला ऊन वर आलं, सावल्या गेल्या, टेकडी सपाट दिसायला लागली. परतताना ते म्हणाले, “बाई, एक सांगू? ही जागा आपल्यातच राहू द्या.”

मी हो म्हटलं. आणि जेवताना सरांनी “सकाळी कुठे गेला होता?” म्हणून विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. सर आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकानं बघत होते. सांगायला तेवढं पुरलं. जयसिंगराव भाकरी मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी साडेतीनलाच आम्ही तिथे पोचलो. सरांनी मुक्कामाच्या मालकाला सांगून एक बाई बोलावून घेतली होती. नुसती वाळू कुणी बघत नाही, माप कळायला माणूस लागतो, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नाही. बाईचं नाव मैना. पंचविशीची असेल. मुक्कामावर पोळ्या करायची, भांडी घासायची. फोटोवाले आले की मालक तिलाच पाठवायचा. अंगावर ओढणी होती, पण उडालेल्या रंगाची, आणि वरून पुरुषी निळा स्वेटर, कारण जानेवारीतली तिथली हवा तशीच होती.

सरांनी स्वेटर काढायला सांगितला. मग पिशवीतून आणलेली लाल ओढणी दिली. मग चपला काढायला लावल्या, त्या प्लास्टिकच्या होत्या. मालकाकडचा पितळी हंडा आणि त्यावर ठेवायची कळशी, दोन्ही घासून लखलखीत करून आणली होती. तिनं ती डोक्यावर घेतली. सर लांब जाऊन बघून आले.

“रिकामी आहेत. मान खरी दिसत नाही. भरा.”

जीपमध्ये पाण्याचे कॅन होते. हंडा भरला, कळशी भरली. मैनानं पुन्हा डोकं पुढे केलं. तिला हे नवीन नसावं.

टेकडीच्या सौम्य बाजूनं चढायचं, धारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, आणि पलीकडून उतरून, लांबचा वळसा घालून परत सुरुवातीला यायचं. आमच्या समोरच्या वाळूवर पाऊल पडता कामा नये, म्हणून वळसा. आम्ही खाली ओळीनं पोटावर पडलो होतो. पहिल्या फेरीला सूर्य फार वर होता. दुसरीला तिनं आमच्याकडे बघितलं. तिसरीला ओढणी उडाली नाही. चौथीला कुणाचं तरी कार्ड भरलं. प्रत्येक वेळी सर उभे राहून हात वर करायचे, “वन्स मोअर”, आणि मैना मान न हलवता पुन्हा वळशाला लागायची.

चौथ्या फेरीनंतर जयसिंगराव उठले. “सर, बास आता. दमली ती.”

“ती रोज करते हे काम.”

“भरल्या हंड्यानं न्हाई करत. तुम्हीच भरायला लावला.”

सरांनी डोळा कॅमेऱ्यालाच लावून ठेवला होता. “जयसिंगराव, तुम्हांला नको असेल तर तुम्ही वाळू काढा. वाळू दमत नाही.”

दोघं-तिघं हसले. या वेळी मी हसले नाही, पण उठलेही नाही. जयसिंगराव कॅमेरा घेऊन आमच्या मागच्या टेकाडावर निघून गेले.

सातव्या फेरीला सगळं जुळून आलं. सूर्य धारेला टेकला, मैनाची काळी आकृती, पितळेवर एक तिरीप, ओढणीचं टोक वाऱ्यावर. अकरा कॅमेरे एकदम वाजले. मला वाटलं, झालं. सरांनी पडद्यावर फोटो बघितला, मान डोलावली आणि हात वर केला. आठवी. मग नववी.

नवव्या फेरीला ती मधोमध आली आणि धार तिच्या पायाखालून निघाली. वाळूची धार तशीच असते, मी शिकवायचे ते. ती आमच्या बाजूला, तीव्र उतरणीवर आली. आधी कळशी, मग ती, आणि तिच्यामागून हंडा, जो सरळ तिच्या पायावर येऊन आदळला. ती ओरडलीसुद्धा नाही. उतरणीच्या निम्म्यावर बसून राहिली, पाय हातात धरून. पाणी वाळूत गेलं आणि तिच्याभोवती काळा डाग पडला.

मी उठायला लागले.

“कुणी हलू नका,” सर हळू आवाजात म्हणाले. “फ्रेममध्ये पावलं येतील.”

आणि कॅमेरे वाजत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. अर्धं मिनिट असेल, दोन असतील. मी उचललेला गुडघा परत खाली घेतला. माझ्या कॅमेऱ्यात त्या वेळचे सहा फोटो आहेत, म्हणजे माझं बोट चाललं होतं.

मागच्या टेकाडावरून जयसिंगराव धावत आले. आमच्या आणि तिच्या मधल्या कोऱ्या वाळूवरून, सरळ. त्यांनी तिला बाटलीतलं पाणी दिलं, गळ्यातला मफलर काढून घोटा आवळून बांधला. घोटा तेवढ्यात सुजून लिंबाएवढा झाला होता. ती त्यांना काहीतरी विचारत होती. ते हंड्याकडे बघून मान हलवत होते. नंतर त्यांनी सांगितलं, ती विचारत होती, हंड्याला पोचा पडला का. हंडा मालकाचा होता.

तिला जीपमध्ये घालून मालक घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांला निघायचं होतं. सरांनी मालकाला तिच्या औषधपाण्याचं बघायला सांगितलं, मालक हो म्हणाला. घोटा मोडला की मुरगळला, हे कळायच्या आत आम्ही गाडीत बसलो. गाडीत सगळे आपापल्या पडद्यावर फोटो बघत होते. जयसिंगराव वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

फेब्रुवारीत प्रदर्शनासाठी निवड झाली. निवड समिती तिघांची. श्रीनिवास सर, यज्ञेश्वरकाका म्हणून एक निवृत्त इंजिनियर, आणि मी. फोटो भिंतीवर पाडून बघत होतो. जयसिंगरावांनी एकच फोटो दिला होता.

वरून काढलेला. संध्याकाळच्या उजेडात ती टेकडी पूर्ण, दोन्ही टोकांसकट. उतरणीवर एक छोटा लाल ठिपका, त्याभोवती ओल्या वाळूचा डाग. आणि खाली, टेकडीला तोंड करून, पोटावर पडलेली अकरा माणसं. वर वाळूची चंद्रकोर होती आणि खाली आमची. डावीकडून चौथी मी. माझी शाल ओळखू येत होती.



“तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे,” यज्ञेश्वरकाका म्हणाले.

“तांत्रिकदृष्ट्या पंचनामाही उत्तम असतो,” सर म्हणाले. “आपला विषय वाळवंट आहे. हा आपला ग्रुप फोटो आहे.”

“तरी पण सर, यात—”

“काका, तुम्ही यात आहात. उजवीकडून दुसरे. तुमच्या सुनेला दाखवणार का?”

सर माझ्याकडे वळले. “सुनीतीबाई?”

मला माहीत होतं, आम्हां सगळ्यांच्या चार दिवसांत निघालेल्या हजारो फोटोंत हा एकच फोटो होता. बाकी सगळी कॅलेंडरं. मी म्हटलं, “लोकांचा गैरसमज होईल.”

“मी तेच म्हणतो,” सर म्हणाले आणि पुढचा फोटो लावला.

जयसिंगराव बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. त्यांना सांगायला मलाच पाठवलं.

“बहुमतानं नको ठरलं,” मी म्हटलं.

“बहुमताचं ऱ्हाऊ द्या. तुमचं मत काय पडलं बाई?”

मी शाळेत असताना खोटं बोलणारी मुलं ओळखायचे. ती आधी खिडकीबाहेर बघतात. मी व्हरांड्याबाहेर बघितलं. मग म्हटलं, “मीही नको म्हटलं.”

“बरं,” ते म्हणाले. उठले, आणि जिन्यापाशी थांबून म्हणाले, “जागा मी दावली नसती तर बरं झालं असतं.”

जागा त्यांनी फक्त मला दाखवली होती. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

प्रदर्शनात सरांचा सातव्या फेरीचा फोटो दारासमोर लावला होता, सगळ्यांत मोठा. मैना, हंडा, कळशी, सूर्य. खालची ओळ माझी, ‘घोटभर पाण्यासाठी कोसभर पायपीट’. मुक्कामाच्या मागेच नळ होता आणि मैना त्याच नळावर भांडी घासायची. आम्ही त्याच नळाचं पाणी जीपमध्ये भरून तिच्या डोक्यावर दिलं होतं. हे सगळं माहीत असताना ती ओळ मी दहा मिनिटांत लिहिली, आणि चांगली जमली म्हणून खूश झाले. त्या फोटोला बाहेरगावच्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीस आधीच मिळालं होतं. लोक समोर उभे राहून हळहळत होते.

दुसऱ्या दिवशी जयसिंगराव पत्नीला घेऊन आले. शालूवहिनी त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या होत्या. हातात पर्स घट्ट धरलेली, चष्मा कपाळावर चढवलेला. सर जवळ जाऊन म्हणाले, “कसा वाटला?”

“हीच का ती बाई? पाय मोडला ती?”

आजूबाजूच्या चार-पाचजणांनी वळून पाहिलं.

“मुरगळला होता,” सर म्हणाले. “वहिनी, तिकडे चहा आहे, घ्या.”

“आत्ता कशीय ती?”

“बरी असेल.”

“असेल?” शालूवहिनी म्हणाल्या. एवढंच. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. मी शेजारीच होते. “तुमी काढलेला कुठाय?”

“न्हाई लावला.”

“घरी दावलात तो. सगळी पडल्यात आन् ती बसलीय.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “मंजी ती पडल्यावर तुमी आधी फोटू काढला आन् मंग धावलात.”

जयसिंगरावांच्या चेहऱ्याकडे बघवेना. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. आम्हां अकराजणांना तर ते विचारायचा अधिकारच नव्हता. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. तोही आपल्यातलाच निघाला, असं वाटलं.

“किती काढलेत?” वहिनींनी विचारलं.

“दोन. पैला हालला व्हता.”

ती दोघं चहा न घेता गेली. त्यानंतर जयसिंगराव मंडळात आले नाहीत. सरांनी चौकशी केली नाही. मागच्या बाकावर आता शाळेच्या सतरंज्या ठेवायला लागले.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मी मार्केट यार्डात वर्षाची हळद-मिरची घ्यायला गेले होते. परतताना कांद्याच्या गाळ्यांवरून आले तर जयसिंगराव गादीवर बसलेले दिसले. त्यांनीच हाक मारली. बजरंगला म्हणाले, “बाई हायेत आमच्या. च्या सांग.” मी पोत्यावर टेकले. इकडचं तिकडचं झालं. फोटो काढता का, म्हणून विचारलं. नाही म्हणाले. मग काही वेळानं स्वतःहून म्हणाले, “मी जाऊन आलो. डिसेंबरात.”

“कुठे?”

“तिकडंच. एकटाच गेलतो.”

त्यांनी दोन फोटो मोठे करून नेले होते. एक आपला. दुसरा सरांचा, प्रदर्शनाच्या वेळी विकायला ठेवला होता तो, मैनाचा उभा. मुक्कामावर मैना पोळ्या करत नव्हती. शेजारच्या वस्तीत तिचं घर होतं, तिथे गेले. घोटा मोडलाच होता. गावातल्या हाडं बसवणाऱ्यानं बसवला, तो वाकडाच बसला. चालते, पण एक पाय टाकून. मुक्कामावर दिवसभर उभं राहायला लागतं, म्हणून मालकानं तिच्या धाकट्या जावेला घेतलं. फोटोवाले आले की हंडेही आता जाऊच घेते.

“तिला माझा फोटू दावला,” जयसिंगराव म्हणाले. “म्हटलं, हे बघ, ह्यात समदं खरं हाय. ह्यांनी तुझं काय केलं ते दिसतंय. तिनं बघितला. मला म्हणाली, हा कशाला काढलास? ह्यात मी पडलेय.”

बजरंगनं चहाचे पेले ठेवले आणि गेला. बाहेर तोलाईवाल्याचा आकडे ओरडण्याचा आवाज येत होता.

“मग त्यो दुसरा दावला. सरांचा. त्यो तिनं हातात घेतला. सासूला दावला, शेजारणी बोलावल्या. म्हणाली, बघा मी कशी दिसत व्हते. त्यो ठिवून घेतला. माझा परत दिला.”

“मग?”

“मग काय. निघालो. वाटंपत्तुर आली लंगडत. मला वाटलं, शिव्या घालंल, तर बरं हुईल.” त्यांनी पेला फिरवला. चहा प्यायले नाहीत. “म्हणाली, त्या तुमच्या सायबांना सांगा, मी अजून चालू शकते. हळू चालंन, पण चालंन. हंडा भरून चालंन. जावेला बोलवू नका म्हणावं, मला बोलवा.”

मी हातातला पेला पोत्याच्या कडेला ठेवला.

“मी न्हाई सांगणार त्यांना,” ते म्हणाले. “मला त्यांचं तोंड बघायचं न्हाई. पण तिनं निरोप दिलाय. तुमी सांगा.”

“तुमचा तो फोटो मला द्याल?” मी विचारलं. का विचारलं, मला आजही कळत नाही.

“फाडला,” जयसिंगराव म्हणाले. “कम्प्युटरमधनं पण काढला. च्या गार झाला तुमचा.”

घरी आल्यावर दोन दिवस मी निरोप मनातच ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. घोटा, पोळ्या, जाऊ, आणि ती काय म्हणाली ते. पलीकडे पेपरची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

“अरेरे,” सर म्हणाले. “वाईट झालं.” मग थोडं थांबून, अगदी मनापासून विचार करत म्हणाले, “पण सुनीतीबाई, लंगडणारी बाई धारेवर चालेल कशी? पडेल ना ती.”

“हो.”

“पुन्हा तिकडे गेलो की बघू काहीतरी. बसवू तिला एका जागी. बसलेलीही चांगली दिसेल.” पेपर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. “बरं झालं फोन केलात. यंदा सप्टेंबरात लडाख ठरतंय. नुब्राला, तिथेही वाळूच्या टेकड्या आहेत, मागे बर्फ. बाराच जागा आहेत, आणि ओळी लिहायला तुम्ही हव्यात. तुमचं नाव धरू ना?”

खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसत होते. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. सर वाट बघत होते.

“धरा,” मी म्हटलं.